मॉरिस मायनर १००० : पेडल खाली जातं, गाडी लवकर थांबत नाही

सातइंची (धागाकर्ता)

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५९ चं मॉडेल, ९४८ सीसी. चारही चाकांना मूळचे ७ इंची ड्रम ब्रेक, सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर) नाही, पुण्यात वापर.

लक्षणं अशी: पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ दोन तृतीयांश खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि घट्टही लागतं, पण तरी गाडी सावकाशच थांबते. जोरात दाबल्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढतं. हँडब्रेक अगदी वरपर्यंत ओढावा लागतो. मास्टर सिलिंडरमधलं (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑईल ढकलतो तो) ब्रेक ऑईल फार हळू कमी होतं, बाहेर कुठे थेंब दिसत नाही.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, सर्वो बसवा. बसवावा का? की आधी दुसरं काही बघायचं?

टॉर्शनबार

सर्वो आत्ता अजिबात नको. सर्वो पायाने लावावा लागणारा जोर कमी करतो, ब्रेकमधला दोष काढत नाही. तुमच्याकडे एक नव्हे, किमान तीन वेगळे दोष एकत्र दिसतायत, आणि सर्वो लावला की ते तिन्ही झाकले जातील. ओढणं मात्र वाढेल, कारण चांगल्या बाजूचा ब्रेकही जास्त जोरात लागेल.

नीट असलेले ७ इंची ब्रेक काय करू शकतात, याचं माप हवं असेल तर ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ताशी ३० मैलांना, म्हणजे सुमारे ४८ किमीला, ब्रेक लागल्यापासूनचं अंतर १४ मीटर दिलेलं आहे. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर खडूची रेघ मारून बघा. मायनर त्याच्या आसपास यायला हवी. २० मीटरच्या पुढे जात असेल तर दोष ब्रेकच्या स्थितीत आहे, ब्रेकच्या आकारात नाही.

काही खोलायच्या आधी हे करा. गाडी चालवून आणा, मधे चार-पाच वेळा व्यवस्थित ब्रेक लावा, आणि उभी केल्या केल्या चारही ड्रमचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. हात लावून बघू नका, भाजेल. पुढचे दोन एकमेकांशी आणि मागचे दोन एकमेकांशी ताडायचे. पुढचे मागच्यांपेक्षा गरम असणारच, ते सोडून द्या. एकाच अॅक्सलवर २०-३० अंशांचा फरक असेल तर थंड ड्रम काम करत नाहीये, किंवा गरम ड्रम सुटत नाहीये. कुठला, ते चाक उचलून हाताने फिरवलं की कळतं.

सातइंची

मोजलं. पुढचं डावं ९५, पुढचं उजवं ५५. मागचं डावं ५०, मागचं उजवं ४०. पुढचं डावं चाक हाताने मोकळं फिरतं, म्हणजे अडकलेलं नाही. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला काळपट ओल आहे.

रेघेचा प्रयोग केला: २३ मीटर.

टॉर्शनबार

मग चित्र बरंच स्पष्ट आहे. पुढचं उजवं अर्ध्याच ताकदीने लागतंय, म्हणून गाडी डावीकडे ओढते. (ज्या बाजूला ओढते ती बाजू चांगली, हे बरेच जण उलटं धरतात आणि चांगलाच ब्रेक खोलून बसतात.) मागच्या उजव्या चाकातली ओल ब्रेक ऑईल तरी असेल नाहीतर डिफरन्शियलचं (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरचं) ऑईल. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते पाण्याने जात नाही. ब्रेक ऑईल पाण्यात धुतलं जातं. तुमची मास्टरची पातळी कमी होते, त्यामुळे तिथे दोन्ही निघालं तरी आश्चर्य नाही.

आणि पहिल्या दाबाला खोल, दुसऱ्याला वर, हा तर ठरलेला ढिल्या शूचा (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीचा) प्रकार. दुसऱ्यांदा वर आलेलं पेडल घट्ट असेल तर शूचं अंतर जास्त. वर येऊनही स्प्रिंगसारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर मास्टरचा कप (आतलं रबरी सील) गेला किंवा कुठेतरी गळती. तुमचं घट्ट लागतंय, म्हणजे हवेचा संशय कमी.

पेचकस

अॅडजस्टमेंट कशी करायची ते लिहितो, कारण बरेच मेकॅनिक मायनरच्या पुढच्या चाकात एकच अॅडजस्टर फिरवून मोकळे होतात.

पुढच्या प्रत्येक चाकात दोन व्हील सिलिंडर (शूला ड्रमकडे ढकलणारे) आणि दोन अॅडजस्टर, प्रत्येक शूला एक. मागच्या चाकात एक सिलिंडर, एक अॅडजस्टर. म्हणजे गाडीत एकूण सहा. चाक काढा, ड्रमला एक भोक आहे ते फिरवत अॅडजस्टरच्या खाचेसमोर आणा, चपटा पेचकस घाला. घड्याळाच्या दिशेने ड्रम पूर्ण जॅम होईपर्यंत फिरवा, मग एक खाच मागे. नंतर पेडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यभागी बसतील, आणि परत तपासा. पुढच्या चाकात दुसऱ्या अॅडजस्टरसाठी ड्रम अर्धा वळसा फिरवून तेच सगळं. किंचित घासल्याचा आवाज चालेल, अडखळणं चालणार नाही.

एक खाच मागे घेऊनही एका ठिकाणी अडतंय आणि बाकी मोकळं आहे, असं असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. अशा ड्रमला अॅडजस्टमेंट कधीच बरोबर होत नाही. घट्ट ठेवलं तर घासतो, सैल ठेवलं तर पेडल खोल.

हँडब्रेकची केबल या वेळी पूर्ण सैल सोडा. मागचे शू अॅडजस्ट करून झाल्यावरच केबल ताणायची. केबल ओढून हँडब्रेक "छान" केलेला असला तर मागच्या सिलिंडरमधला लिव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो, अॅडजस्टर नीट बसत नाही आणि मागचे शू किती झिजलेत ते शेवटपर्यंत कळत नाही.

सातइंची

पुढचा उजवा ड्रम काढला, फोटो टाकलेत. सहाही अॅडजस्टर बघितले. पुढच्या उजव्या चाकातला खालचा फिरतच नाही.

टॉर्शनबार

फोटो बघितले. दोन गोष्टी.

खालच्या सिलिंडरचा पिस्टन गंजून बसलाय. रबर बूटच्या कडेला तपकिरी पावडर दिसते, ती तीच. दोनपैकी एकच शू काम करतोय, म्हणून ५५ अंश. आणि त्या खालच्या शूच्या टोकाला स्नेल कॅम (अॅडजस्टरची शंखाच्या आकाराची चकती) आहे पण त्याचं मास्क नाही. पिस्टन आणि कॅम यांच्यामध्ये खाचेची एक छोटी टोपी असते. ती नसली तर कॅमची धार थेट पिस्टनवर येते आणि खाच धरून राहत नाही. मागच्या कुणीतरी शू बदलताना जुन्या शूबरोबर ती फेकली असणार. फार नेहमीचा प्रकार.

सिलिंडर दोन्ही बदला, एक नव्हे. भोक होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) नवं रबर किट टाकणं चालतं, पण आत बोटाच्या नखाला लागणारा खड्डा असेल तर किट पहिल्याच पावसाळ्यात गळेल. जुनाच सिलिंडर ठेवायचा असेल तर स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह बसवून घ्या, ते काम पुण्या-मुंबईत होतं.

ऑक्सफर्डकडून

बॅकप्लेट डाव्या-उजव्या अदलाबदल झालेल्या नाहीत ना, तेही आत्ताच बघून घ्या. इंग्लंडमध्ये रिस्टोअर केलेल्या गाड्यांतही हे सापडतं.

मायनरचे पुढचे ब्रेक दोन्ही शू लीडिंग असलेले आहेत. गाडी पुढे जाताना ड्रमच प्रत्येक शूला स्वतःकडे आत खेचतो, म्हणून सर्वोशिवाय भागतं. तपासायची पद्धत सोपी: ड्रम पुढच्या दिशेला फिरताना प्रत्येक शूवर पिस्टनच्या टोकाकडून टेकूच्या टोकाकडे गेला पाहिजे. उलटं जात असेल तर बॅकप्लेट चुकीच्या बाजूची आहे. दोन्ही शू ट्रेलिंग होतात, पेडल लाकडासारखं घट्ट लागतं, गाडी थांबत नाही, आणि गंमत म्हणजे रिव्हर्समध्ये ब्रेक उत्तम लागतात.

याच कारणाने बरोबर जोडलेली मायनर रिव्हर्समध्ये कमकुवत लागते. चढावर तोंड करून उभी असताना मागे घसरली तर पुढच्या ब्रेकवर भरवसा नको, हँडब्रेक ठीकच हवा. तो दोष नाही, रचनाच तशी आहे.

सातइंची

दिशा बरोबर आहे. मागचा उजवा ड्रमही काढला. आत गिअर ऑईल. लायनर (शूवरचे घासणारे पट्टे) काळे, चमकदार. पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून चालतील का?

पेचकस

नाही. ऑईल लायनरच्या आत मुरतं. वरून कितीही कोरडं केलं तरी पहिल्या घाटात गरम झालं की परत वर येतं. जाळून काढायचा उद्योगही नको, लायनरचा बाइंडर जातो. टाकून द्या, आणि अॅक्सलच्या दोन्ही बाजूचे बदला, एकाच बाजूचे नाही.

पण त्याआधी ऑईल तिथे का आलं ते बघा, नाहीतर नवे लायनर पण जातील. क्रमाने: अॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा सुटायचं भोक, मातीने बुजलाय का (बुजला की गरम झाल्यावर आतला दाब ऑईल सीलमधून बाहेर ढकलतो), डिफरन्शियलमध्ये ऑईल जास्त भरलंय का (फिलर प्लगच्या भोकापर्यंतच, गाडी सपाट जागेवर, साधारण ८५० मिली), मग हबचं ऑईल सील, ज्याची ओठाची बाजू डिफरन्शियलकडे हवी, आणि शेवटी हाफ शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजखालचं कागदी पॅकिंग आणि ओ रिंग. सील बदलून पॅकिंग जुनंच ठेवलं की तीच गळती परत येते आणि दोष सीलला दिला जातो.

मागचा व्हील सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत सरकायला हवा, हेही हाताने हलवून बघा. त्याची रचनाच अशी की पिस्टन एका शूला ढकलतो आणि सिलिंडरचं धड मागे सरकून दुसऱ्याला. खाच गंजली की एकच शू लागतो. सुटा करा, खाच तारेच्या ब्रशने साफ करा, उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. साधं व्हील बेअरिंगचं ग्रीस नको, ते वितळून लायनरवर येतं.

आणि ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

चारपदरी

सिलिंडर बदलताय तर तिन्ही रबरी होज पण बदला. पुढचे दोन, मागच्या अॅक्सलचा एक. बाहेरून ठीक दिसणारा जुना होज आतून सुजलेला असतो: दाबल्यावर ऑईल जातं, सोडल्यावर परत येत नाही, चाक घट्ट राहतं. किंवा होज फुगतो आणि पेडल मऊ लागतं.

नवे होज बसवल्यावर एक परीक्षा करता येते. गोल जबड्याचे होज क्लॅम्प तिन्ही होजना लावा (व्हाइस ग्रिप नको, होज कापतो) आणि पेडल दाबा. पेडल उंच आणि दगडासारखं लागलं तर मास्टर ठीक, दोष चाकांकडे. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या क्लॅम्पनंतर पेडल खाली जातं, दोष त्या बाजूला. तिन्ही लावूनही पेडल खाली बसत असेल तर मास्टर, नाहीतर लोखंडी पाइप किंवा जोडावरचा ब्रेक लाइटचा स्विच. हा स्विच ऑईलच्या दाबावर चालतो आणि स्वतःच गळू शकतो, पण कुणी तिकडे बघत नाही.

पाइपचे नट घेताना सावध. मायनरचे ३/८ इंच यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे), इंचाला २४ आट्यांचे. इथल्या दुकानात १० मिमीचे मेट्रिक नट आणि जोड सर्रास मिळतात. ३/८ चा नट १० मिमीच्या जोडात सैल बसतो, दोन-तीन आटे धरतो, आणि पूर्ण दाब आला की सुटतो. नुसत्या नजरेने फरक कळत नाही, व्हर्नियर लावा: ९.५ मिमी भरला तर तुमचा.

मास्टर_आतला

मास्टरकडे पण बघूया. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली चासीच्या दांड्यात आहे. मॅटखालचं झाकण काढलं की फिलर प्लग. उघडण्याआधी भोवतालची माती पुसा, आत पडली तर थेट कपाखाली जाते. पातळी भोकाच्या काठाखाली साधारण १३ मिमी. प्लगमधलं हवेचं बारीक छिद्र उघडं हवं.

पेडल आणि पिस्टनच्या मधला पुशरॉड किंचित सैल हवा, पिस्टनपाशी ०.८ मिमी, पेडलवर हाताने दाबून ३ ते ५ मिमी जाणवेल. पेडल उंच यावं म्हणून ही सैलाई काढून टाकली जाते. मग कप मागे येत नाही, परतीचं छिद्र बंद राहतं, ऑईल गरम होऊन फुगतं आणि चारही चाकं हळूहळू धरायला लागतात.

उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर काढणं त्रासाचं आहे, बोल्टच्या वाटेत टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनची पिळाची सळई) येतो. त्यावरचा ताण सोडून बाजूला करावा लागतो. बोल्ट परत बसवताना उलट्या बाजूने घाला, पुढच्या वेळी बार हलवावा लागणार नाही.

कोकणरेघ

ब्रेक ऑईल सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ (डॉट ही ब्रेक ऑईलची प्रतवारी) टाका. पाणी शोषत नाही, रंग खराब करत नाही. दमट हवेत सिलिंडर गंजायचा प्रश्नच मिटतो.

चारपदरी

असहमत. डॉट ५ आणि डॉट ३/४ मिसळत नाहीत; पाइप, होज, सिलिंडर सगळं नवं किंवा पूर्ण साफ असेल तरच ते टाकता येतं. त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, पेडल थोडं मऊच लागतं, आणि दाबावर चालणारे ब्रेक लाइटचे स्विच बिघडल्याच्या तक्रारी जुन्या ब्रिटिश गाड्यांत भरपूर आहेत. शिरलेलं पाणीही शोषलं न जाता खालच्या सिलिंडरमध्ये साठतं, गंज एकाच जागी खातो.

डॉट ४ टाका, दोन वर्षांनी बदला. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डॉट ३ चे तेच आकडे २०५ आणि १४०.

कोकणरेघ

सगळं नवं करणार असतील तर माझं मत कायम. गाडी वर्षातले आठ महिने उभी राहणार असेल तर विशेषच.

टॉर्शनबार

ते गाडीच्या वापरावर सोडू. हवा काढताना लक्षात ठेवायचं:

आधी सगळे शू जॅम होईपर्यंत घट्ट करा. पिस्टन आत राहतात, सिलिंडरमध्ये हवेला जागा कमी. क्रम सर्वात लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपल (व्हील सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडा, पेडल सावकाश तळापर्यंत, निपल बंद, मग सोडा, आणि तीन सेकंद थांबा. भराभर पंप केलं की हवेचा फेस होतो. मास्टरची टाकी अगदी छोटी आहे, दर पाच-सहा दाबांनी भरा. झालं की शू एक खाच सैल करायला विसरू नका.

सातइंची

यादी केली: पुढचे चारही सिलिंडर, मागचे दोन, तीन होज, सगळे शू, मागची सील आणि पॅकिंग, मास्टरचं किट. एवढं करायचं तर ८ इंची ब्रेकच का बसवू नयेत?

ऑक्सफर्डकडून

हा प्रश्न योग्य वेळी आला. १९६२ मध्ये १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम ८ इंची झाले, मागचे ७ इंचीच राहिले. तुमच्या स्टब अॅक्सलवर ते बसतात. बॅकप्लेट, सिलिंडर, शू, ड्रम असा पुढचा पूर्ण संच घ्यायचा. मास्टर आणि चाकं तीच. त्रिज्या सातास आठ, म्हणजे तेवढ्याच जोराला सुमारे १४ टक्के जास्त पकड, शिवाय उष्णता घ्यायला लोखंड जास्त. दिसायलाही बाहेरून काही फरक नाही. पुढचं सगळं नवं घ्यायचंच आहे तर हाच पर्याय.

डिस्कचे संच इथे इंग्लंडमध्ये मिळतात, मॉरिस मरिनाचे भाग वापरूनही बनवतात. पण डिस्क लावल्या की मास्टरमधला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आड येतो. ड्रमना तो हवा असतो, डिस्कचे पॅड त्याने घासत राहतात. आणि डिस्क शूसारखी स्वतःला ओढत नाही, त्यामुळे पाय जड होतो. सर्वोचा विषय खरा तिथे सुरू होतो.

खंबाटकी

घाट उतरणार असाल तर हे गणित बघा. चौघं बसलेली मायनर साधारण १ टन. लोणावळा ते खोपोली उतार सुमारे ५५० मीटर. तेवढी ऊर्जा म्हणजे ताशी ६० वरून सुमारे ४० वेळा पूर्ण थांबण्याइतकी. ती सगळी ड्रममध्ये घातली तर ७ इंची असो की ८ इंची, लायनर पकड सोडणारच. उतार लागण्याआधीच दुसरा गिअर. पहिल्याला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडायची सोय) नाही, ऐन उतारात तो पडणार नाही.

पेचकस

ड्रम नवे घेतले नाहीत तर लेथवर न्या. ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी, ८ इंच म्हणजे २०३.२. डायल गेजवर ०.१ मिमीपेक्षा जास्त अंडाकृती असेल तर टर्निंग. व्यास मूळ मापापेक्षा १ मिमीच्या वर जात असेल तर ड्रम बदला. एकाच अॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला टर्न करा.

टर्निंग केलेल्या ड्रमचा गोल मोठा होतो, नव्या लायनरचा छोटा असतो, त्यामुळे लायनर फक्त मध्यावर टेकतो. ड्रमला आतून खडू फासा, शू लावून फिरवा, काढून बघा. खडू मध्यावरच लागला तर लायनर त्या ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायला हवा. नाना पेठेत लायनर लावून देणाऱ्यांना ड्रम सोबत दिला तर घासून देतात; नुसते शू दिले तर नाही.

सातइंची

पुढे ८ इंची संच मागवतो, मागे ७ इंची नवे शू. लायनर रिव्हेटचे की चिकटवलेले?

पेचकस

भट्टीत दाबाखाली चिकटवलेले असतील तर तेच, झिजायला जास्त जाडी मिळते, १.५ मिमी राहिली की बदला. रिव्हेटचे असतील तर रिव्हेटच्या डोक्याच्या वर १ मिमी उरल्यावर. टपरीवर सलूशन लावून दिलेले घेऊ नका.

पहिले २००-३०० किमी जोरात ब्रेक नको. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने उतरवा, मधे किलोमीटरभर मोकळी चालवून ड्रम थंड होऊ द्या, असं पंधरा-वीस वेळा. नंतर सहाही अॅडजस्टर परत बघा, एखादी खाच हमखास लागते. मग खडूची रेघ.